औषधावर लिंबाची फोड

गेल्या वर्षी शिमगा संपल्यावरच्या मंगळवारी, दुपारी, पनवेलमधल्या एका डायलिसिस केंद्रात मला माझे नाव सांगता आले नाही.

नाव विचारणे हा तिथला नियम आहे. पेशंट कितीही ओळखीचा असला तरी मशीन लावण्याआधी तंत्रज्ञ नाव विचारतो, पेशंट सांगतो, तंत्रज्ञ फाइलवर पाहतो आणि मग सुई टोचतो. माझे नाव प्रज्ञा. त्या दिवशी 'प्र' आला आणि पुढचे अक्षर आले नाही. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा 'प्र'वरच थांबले. तंत्रज्ञाला वाटले मी चेष्टा करते आहे. शेजारच्या बेडवर कासमचाचा होते. आखातात आयुष्य काढून परत आलेले, पनवेलचेच, वर्षभर माझ्याच पाळीला येणारे. तेही हसले.

"बातमीवाल्या बाई, आज लाइट गेली काय तुमच्याकडे?"

मीही हसले. हसता येत होते.

मी एका वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानाची उपसंपादक होते. दुसऱ्यांच्या वाक्यांतले जास्तीचे शब्द काढणे हे माझे काम. रक्तदाबामुळे मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा नोकरी सोडली आणि घरून मजकूर तपासण्याचे थोडे काम घेऊ लागले. आम्ही रोडपालीला राहतो. नवरा नरेश बंदराजवळच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. माझे डायलिसिस सुरू झाले तेव्हा सासूबाई चिरनेरचे घर दिराकडे सोपवून आमच्याकडे आल्या. त्यांना मी आई म्हणते.

हा मजकूर डायलिसिसवर असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. यातला काही भाग मला आठवत नाही. तो इतरांनी सांगितला आहे आणि तिथे तसा उल्लेख केला आहे.

आधीची चिन्हे

नाव अडकण्याच्या आधीही काही गोष्टी घडल्या होत्या. प्रत्येकीला त्या वेळी एक कारण सापडले होते.

टाचा आणि कंबर दुखत होती. डायलिसिसवाल्यांची हाडे दुखतातच, असे सगळे म्हणत. हिमोग्लोबिन इंजेक्शने घेऊनही वाढत नव्हते. इंजेक्शनची कंपनी बदलली. तपासायला आलेल्या मजकुरात मी 'जिल्हाधिकारी'च्या जागी दोनदा 'जिल्हाकारी' लिहिले. चष्म्याचा नंबर बदलला असेल असे वाटले. एकदा हातातला कप स्वयंपाकघरात खाली पडला. पडला म्हणजे सुटला नाही. हाताला हिसका बसला आणि कप उडाला. आईंनी फरशी पुसली आणि म्हणाल्या, दृष्ट काढायला पायजे. मीठ-मिरच्या ओवाळून त्यांनी ती काढलीही.

डायलिसिस झालेल्या दिवशी संध्याकाळी जीभ जड वाटे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती हलकी होई. म्हणून मी फोन दुसऱ्या दिवशी करू लागले. आपण असे करतो आहोत हे मला तेव्हा जाणवले नव्हते. नंतर नरेशने सांगितले.

पाणी

डायलिसिसचा खरा त्रास सुई नसते. पाणी असते. लघवी होत नाही, म्हणून प्यालेले सगळे पाणी अंगात साठते आणि पुढच्या वेळी मशीनने ओढून काढावे लागते. जास्त ओढले की पायाला गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. केंद्रात गेल्यावर पहिल्यांदा वजनकाट्यावर उभे राहायचे. काटा पाहून सिस्टर नुसते आपल्याकडे पाहतात. ते पाहणे पुरेसे असते.

म्हणून घरात माझ्या पाण्यावर आईंचा पहारा होता. सकाळी एक छोटी बाटली भरून मिळे, दिवसभराची. डाळीतले पाणी, चहातले पाणी त्यातूनच वजा. आई शेताला पाणी सोडणाऱ्या घरातल्या. कुठे किती सोडायचे आणि कुठे बांध घालायचा, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

तहान मारण्यासाठी केंद्रातल्या आहारतज्ज्ञ मुलीने एक उपाय सांगितला होता. पाणी न पिता लिंबाची पातळ फोड चोखायची. तोंडाला पाणी सुटते, घसा ओला होतो. उपाय चांगला होता. बहुतेक केंद्रांत तो सांगतात. कासमचाचाही तेच करत. ते म्हणायचे, "दुबईत लिंबू मिळायचं तेव्हा पाणी मोप होतं. आता पाणी नाही तर लिंबू. मालिकची मर्जी."

आईंनी तेव्हापासून फ्रिजमध्ये लिंबाच्या फोडी झाकून ठेवायला सुरुवात केली.

झटका

नाव अडकल्यानंतरच्या आठवड्यात मला केंद्रातच झटका आला. हा भाग मला आठवत नाही.

कासमचाचांचे म्हणणे असे: मी छताकडे पाहत होते, काहीतरी मोजल्यासारखे ओठ हलत होते, मग डावा हात आखडला. नरेशचे म्हणणे असे: तो पोचला तेव्हा उजवी बाजू हलत होती. सिस्टर म्हणतात, सगळे अंग हलत होते आणि मशीन बंद करणे जास्त महत्त्वाचे होते. मी तिन्ही नोंदवते. माझ्याकडे चौथे नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मी मोठ्या रुग्णालयात होते. मेंदूच्या एमआरआयमध्ये पक्षाघात नव्हता, गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता. विचारलेले सगळे कळत होते. उत्तर डोक्यात तयार होते, व्याकरणासह. ते तोंडापर्यंत येई आणि पहिल्या अक्षरावर थांबे. 'प' बाहेर पडे, मग पुन्हा 'प', मग नुसती हवा. मानेला, हाताला अधूनमधून झटके बसत. पेन धरले तर कागदावर रेघा उमटत.

एका डॉक्टरांनी नरेशला बाजूला घेऊन विचारले की घरात काही टेन्शन आहे का. नरेश म्हणाला, "टेन्शन आहे ना. ती बोलत नाही आहे."

भेटायला येणाऱ्यांपैकी अनेकांनी माझ्याशी मोठ्या आवाजात आणि सुटे सुटे बोलायला सुरुवात केली. माणूस बोलायचा थांबला की त्याला ऐकू येत नाही असे लोक धरून चालतात. आई मात्र पूर्वीसारख्याच बोलत. गावात कोणाचे काय झाले, शेजारणीने मासळी किती महाग घेतली, नरेशला डबा कसा खपत नाही. मधे मी उत्तर द्यायची जागा आली की त्या थांबत, माझ्याकडे पाहत, मग स्वतःच ते उत्तर देऊन पुढे जात. बहुतेक वेळा ते माझेच असे.

निदान

कारण सापडले ते माझ्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर मॅडमना. जुनी हाडदुखी, न वाढणारे हिमोग्लोबिन आणि आता जीभ, या तीन गोष्टी त्यांनी एकत्र ठेवल्या. वेगळ्या नळीत रक्त घेऊन ते मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल यायला वेळ लागला. त्या काळात मी घरी होते आणि डायलिसिसपुरती केंद्रात जात होते.

अहवाल आला त्या दिवशी नरेशने सुट्टी घेतली होती. डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला. रक्तात अ‍ॅल्युमिनियम होते. सुरक्षित मानल्या जाणाऱ्या पातळीच्या कितीतरी वर.

त्यांनी सांगितले की अ‍ॅल्युमिनियम थोडेफार सगळ्यांच्याच पोटात जाते. पाण्यातून, अन्नातून, औषधांतून. मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते. माझे मूत्रपिंड ते करत नाही आणि डायलिसिसचे मशीनही ते नीट काढू शकत नाही, कारण ते रक्तातल्या प्रथिनांना धरून बसते. मग ते हाडांत जाऊन राहते. मेंदूत जाऊन राहते.

तिथे जाऊन ते नेमके काय करते, असे नरेशने विचारले.

"लोखंड गंजतं तसं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "अ‍ॅल्युमिनियम स्वतः गंजत नाही. पण पेशीत जे लोखंड असतं त्याला ते गंजायला लावतं. आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. थोडा गंज रोजच चढतो, आणि पेशी तो रोज पुसून टाकते. यांच्या पेशींना आता पुसणं झेपत नाहीये."

नरेशला गंज कळतो. खाडीच्या वाऱ्यावर उभे कंटेनर तो रोज पाहतो. त्याने पुढचा प्रश्न विचारला, जो मला विचारायचा होता: पुसता येईल का?

डॉक्टर म्हणाल्या, औषध आहे. ते अ‍ॅल्युमिनियमला धरून हाडांतून रक्तात आणते आणि मग मशीनवाटे बाहेर काढता येते. पण बाहेर पडण्याआधी ते रक्तात येते, आणि रक्तातून मेंदूकडेही जाऊ शकते. काही पेशंट सुरुवातीला आणखी बिघडतात. म्हणून डोस अगदी कमी ठेवावा लागेल. त्याआधी डोळे आणि कान तपासावे लागतील, कारण औषध त्यांनाही लागू शकते. बोलणे परत येईल का, असे नरेशने विचारले. आजार लवकर पकडला तर येते, एवढेच म्हणाल्या. लवकर म्हणजे केव्हा, हे आम्ही विचारले नाही.

आणि अ‍ॅल्युमिनियम येते कुठून, हे कळल्याशिवाय औषध सुरू करण्यात अर्थ नव्हता. एका बाजूने काढायचे आणि दुसऱ्या बाजूने भरायचे, असे झाले असते.

जर्मनचा टोप

पहिला संशय केंद्राच्या पाण्यावर गेला. डायलिसिसला प्रत्येक वेळी पिंपे भरून पाणी लागते. ते नीट शुद्ध झाले नाही तर त्यातले सगळे थेट रक्तात उतरते. बातमी बेडवरून बेडवर गेली आणि पेशंट घाबरले. कासमचाचांनी तंत्रज्ञापुढे जीभ बाहेर काढून दाखवली.

"माझी पण बघून घे. पाणी खराब असेल तर आपण सगळेच गेलो. पण मी तर बोलतोय. बायको म्हणते, जरा जास्तच."

केंद्राने पाणी तपासून घेतले. ते ठीक निघाले. इतर पेशंटांच्या रक्तातही माझ्यासारखी पातळी नव्हती. संशय आमच्या घरी आला.

नरेशने फोनवर वाचले की आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवले की धातू अन्नात उतरतो. आमच्याकडे या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. आईंनी चिरनेरहून येताना असा एक मोठा टोप आणला होता. त्यांच्या लग्नातला. त्यात त्या कोकम घालून मासळीचे कालवण करत आणि रात्रभर त्यातच ठेवत, कारण कालवण दुसऱ्या दिवशी मुरलेले चांगले लागते. माझ्यासाठी त्या मासळी वेगळी उकळून, पाणी काढून टाकून मग शिजवत, पण टोप तोच.

नरेशने टोप, कढई आणि कुकर एका पोत्यात भरले आणि भंगारवाल्याला देऊन आला. आईंना सांगितले नाही. त्या संध्याकाळी टोप शोधू लागल्या तेव्हा सांगितले.

आई ओट्यापासून त्याच्याकडे वळल्या. मग त्याला म्हणाल्या, "त्याच टोपातला जेवून वाढलास तू. आमी सगळी जेवलो. तुला काय झालाय? बोलतंस तर खरा."

नरेश म्हणाला, "आई, तिची किडनी बंद आहे."

"ता मना म्हाईत हाय. तू नको शिकवू."

त्या रात्री नरेशने बाहेरून पोळी-भाजी आणली. आई जेवल्या नाहीत. मी मधल्या खोलीत होते. दोघांपैकी कोणालाही काही सांगण्याजोगे माझ्याकडे शब्द नव्हते. होते, पण ते बाहेर येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी नरेश स्टीलची भांडी घेऊन आला. आईंनी ती धुऊन, पुसून फळीवर लावली. कालवण होणे थांबले.

आईंनी दिलेले उत्तर

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा बोलावले. नरेशची दिवसपाळी होती, सुट्ट्या संपल्या होत्या, म्हणून आई बरोबर आल्या. माझ्या वतीने त्याच बोलणार होत्या.

टोपाचे ऐकून डॉक्टर म्हणाल्या की भांडी बदलली ते बरे केले, माझ्यासारखीला तेवढेही नको. पण एवढी पातळी एकट्या भांड्याने होणार नाही. औषधांची फाइल त्यांनी पुन्हा वाचली. त्यात अ‍ॅल्युमिनियम असलेले काही नव्हते. मग त्यांनी फाइल मिटली आणि आईंना म्हणाल्या, "मावशी, सकाळी उठल्यापासून हिच्या तोंडात काय काय जातं ते सांगा. औषध असो, खाणं असो, सगळं."

आई सांगू लागल्या. चहा किती, तो कुठल्या कपातून. भाकरी, भाजी दोनदा उकळून. गोळ्या कुठल्या रंगाच्या, कधी. जेवणाबरोबरच्या गोळ्या. त्यांना वाचता येत नाही. पण गोळ्या रंगावरून आणि आकारावरून त्यांच्या पाठ होत्या आणि त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. डॉक्टर मान डोलावत लिहीत होत्या.

"मंग गोल्यांनी जलजलतं हिला. तवा ता गुलाबी औषद देतंय. पित्ताचा."

डॉक्टरांनी विचारले, कुठले गुलाबी. आई म्हणाल्या, बाटलीतले, पांढऱ्या बुचाचे, सगळ्या दुकानांत मिळते ते.

ते औषध आमच्या घरात माझ्या आजाराच्या आधीपासून होते. ते औषधांच्या डब्यात नसे. मसाल्याच्या डब्यांशेजारी, ओव्याच्या बाटलीजवळ असे. केंद्रात दर वेळी 'औषधे कोणती चालू आहेत' असे विचारत आणि मी डब्यातली सांगे. बाटली कधी सांगितली गेली नाही, कारण ते औषध आहे असे आमच्यापैकी कोणाला वाटत नव्हते. त्यात अ‍ॅल्युमिनियम असते, हे तिच्या मागच्या बाजूला छापलेले आहे.

डॉक्टरांनी विचारले, रोज?

"रोज. दोनदा, कदी तीनदा. पन वरतून पानी नाय देत मी," आई म्हणाल्या. इथे त्या खुर्चीत थोड्या पुढे सरकल्या. "ता खडूसारखा लागतं तोंडात. पानी मागते ही. मी पानी नाय देत. लिंबाची फोड देतंय चोखायला. तोंड साफ होतं, पानी वाचतं."

डॉक्टरांचे पेन थांबले.

त्यांनी सांगितलेले असे: त्या औषधातले अ‍ॅल्युमिनियम एरवी बहुतेक आतड्यातूनच निघून जाते. रक्तात फार थोडे जाते. लिंबातले आम्ल त्याला धरून आतड्याच्या पलीकडे नेते. औषधावर लगेच लिंबू घेतले की ते कितीतरी पटीने रक्तात उतरते. निरोगी माणूस तेही बाहेर टाकतो. त्या पुढे म्हणाल्या की लिंबाचे आमच्याच लोकांनी सांगितले होते, आणि बाटलीबद्दल आम्ही विचारायला हवे होते. चूक मावशींची नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले.

आईंनी सगळे ऐकले. मग माझ्याकडे वळून विचारले, "म्हंजे मीच घातला तुला?"

उत्तर माझ्याकडे होते. 'नाही.' ते अचूक नव्हते. फोड त्यांनीच दिली होती. पण मला तेच द्यायचे होते. 'न' आला. मग पुन्हा 'न'. मग हवा. मी मान हलवली. मानेला तेव्हा स्वतःचेच झटके होते. माझ्या नकाराचा आणि झटक्याचा फरक बाहेरून कळत नव्हता.

आई थांबल्या. माझे उत्तर यायची जागा होती तिथे त्या नेहमी थांबत तशाच थांबल्या. या वेळी त्यांनी ते स्वतः दिले नाही.

परतताना रिक्षात त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी बाटली मोरीत ओतली आणि फ्रिजमधल्या फोडी कचऱ्यात टाकल्या. नरेश कामावरून आला तेव्हा मी सांगू शकत नव्हते. आईंनीच सांगितले. टोपाने नाही केलं, मी केलं, असे त्या म्हणाल्याचे नरेश सांगतो. टोप परत मिळतो का पाहायला तो भंगारवाल्याकडे गेला. माल पुढे गेला होता.

उपचार

डोळे आणि कान तपासून झाल्यावर औषध सुरू झाले. डायलिसिसच्या शेवटी सलाइनमधून अगदी थोडे देत.

पहिल्या डोसनंतर मी बिघडले. होणार असे सांगितले होते, तरी नरेश घाबरला. 'प' आणि 'न' यायचे तेही बंद झाले. चमचा धरता येईना. एका संध्याकाळी मला खिडकीत बातमीचे मथळे लिहिलेले दिसत होते आणि त्यांत चुका होत्या. मी त्या दुरुस्त करायला सांगत होते, असे मला वाटते. आवाज येत नव्हता.

त्या दिवसांतली भीती मरणाची नव्हती. मरणाच्या जवळ जाऊन आलेली माणसे केंद्रात दर वेळी भेटतात. कोण आले नाही हे बेड पाहून कळते, आणि तेही सवयीचे होते. भीती ही होती की मी अशीच राहीन: सगळे कळणारी, आणि आईंनी विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर कधीही न देऊ शकणारी.

डोस आणखी कमी करण्यात आला. डायलिसिसला रक्त गाळणारी जास्त चांगली जाळी लावली. मे महिना गेला. जूनमध्ये कासमचाचांनी एकदा विचारले, "आज काय बातमी?" आणि मी म्हणाले, "पाऊस." शब्द पूर्ण आला. चाचा उठून बसले, सुईचा हात तसाच ठेवून, आणि सिस्टरला म्हणाले, "लाइट आली बघा."

पुढे शब्द एकेक करून आले. जोडाक्षरे शेवटी आली. माझे नाव मला पावसाळ्याच्या शेवटी नीट सांगता आले. तंत्रज्ञाने फाइलवर पाहिले आणि सुई टोचली.

घर

आई तेव्हापासून मला काही देत नाहीत.

भांडण नाही, अबोला नाही. स्वयंपाक त्याच करतात, माझा वेगळा, भाजी दोनदा उकळून. पण गोळी, पाणी, ताट यातले काही त्या माझ्या हातात ठेवत नाहीत. नरेश घरी असला तर तो वाढतो. नसला तर आई पातेली ओट्यावर झाकून ठेवतात आणि आत जातात. पाण्याची छोटी बाटली सकाळी मीच भरते. घरात लिंबू येत नाही. नरेशला मासळीवर लिंबू लागायचे. तो आता तसेच खातो.

त्या चिरनेरला परत जाते म्हणाल्या होत्या. नरेशने थांबवले. मला तेव्हा त्यात भाग घेता आला नाही.

बोलता येऊ लागल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन 'नाही' म्हणाले. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी विचारले, काय नाय? उत्तर प्रश्नापासून फार लांब येऊन पडले होते. मग मी पूर्ण वाक्ये बोलले, थांबत थांबत. फोड तुम्ही दिलीत. द्यायला केंद्रातल्यांनी सांगितले होते. बाटली मी आधीपासून घेत होते. ती मी केंद्रात सांगितली नाही. डॉक्टरांनी विचारले तेव्हा तुम्ही सगळे खरे सांगितलेत, म्हणून कारण सापडले. तुम्ही सांगितले नसतेत तर मी आज बोलत नसते.

आईंनी शेवटपर्यंत ऐकले. "बोलाया लागलीस ना," त्या म्हणाल्या. "झाला तर मंग." आणि मेथीची देठे पदरातून झटकून उठल्या.

जे डायलिसिसवर आहेत त्यांना एकच सांगायचे आहे. औषधे विचारली की नुसता औषधांचा डबा नेऊ नका. स्वयंपाकघराची फळी नेता येत नाही, पण तिच्यावर जे आहे ते सगळे सांगा: बाटली, पूड, काढा, तुरटी, आणि वरून काय घेता तेही. आणि पेशंटला जो खायला घालतो त्याला बरोबर न्या. त्याला बोलू द्या.

शेवटची नोंद

शेवटच्या तपासणीत रक्तातली पातळी आधीच्या प्रत्येक वेळेपेक्षा खाली आहे. सुरक्षित पातळीच्या अजून वर आहे. औषध चालू आहे. टाचा दुखतात. उजव्या हाताला कंप आहे. हा मजकूर मी एका बोटाने टाइप केला आहे. संध्याकाळी दमले की 'प' अडखळतो. हाडांत किती शिल्लक आहे हे रक्तावरून पूर्ण कळत नाही, असे डॉक्टर म्हणतात.

गेल्या रविवारी नरेश कामावर होता. दुपारी मी जेवायला बसले. आई ओट्यापाशी होत्या. मी म्हणाले, "आई, भात वाढा."

वाक्य न अडखळता आले. त्यांनी ऐकले. त्यांनी भाताचे पातेले उचलून माझ्यासमोर ठेवले, झाकण काढले, डावाची दांडी माझ्या बाजूला फिरवली आणि त्या आत गेल्या.

भात मी वाढून घेतला.